ताटं मिळाली, पण घासणार कोण? भाड्याच्या भांड्यांचा वर्षभराचा अनुभव

आधीच सांगते, गटाचं नाव लिहीत नाही. त्यांनीच नको म्हणून बजावलंय. "वहिनी, नाव नका टाकू हो. आधीच ताटं अडीचशे नि फोन पाचशे," असं गटाच्या सचिवबाई म्हणाल्या. गुहागर तालुक्यात राहत असाल तर कुठला गट ते दोन घरं विचारलंत की कळेल. आमच्याकडे पत्ते असेच शोधतात.

तर हा बारा बायकांचा बचत गट स्टीलची भांडी भाड्याने देतो. ताटं अडीचशे, वाट्या पाचशे, पेले तीनशे, नाश्त्याच्या बशा दोनशे, चिनी मातीच्या कपबश्या साठेक. शिवाय पाण्याची पिंपं, टोप, ओगराळी, पळ्या. चमचे किती विचारलं तर म्हणाल्या, "मोजत नाही. मोजले की कमी होतात." सप्टेंबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ मी चारदा त्यांच्याकडून भांडी आणली: दोनदा किनारा स्वच्छतेला, एकदा घरच्या कार्याला, एकदा गणपतीत. चार वेळचा अनुभव चार तऱ्हांचा, म्हणून लिहायला बसले.

दर असा. जेवणाचं पान म्हणजे ताट, दोन वाट्या, पेला आणि चमचा. तुम्ही घासून परत देणार असाल तर पानाला ५ रुपये, त्यांनी घासायचं असेल तर १०. नाश्त्याचं पान ३ आणि ६. अनामत हजार रुपये. ताट हरवलं तर १५०, पेला ५०, वाटी ४०, चमचा १५. टेम्पोचं भाडं वेगळं. पावती हाताने लिहिलेली, मागे कार्बन घालून. पैसे मोबाइलवरून पाठवले तरी चालतात, पण पावती कार्बनचीच.

भांडी कुठली, ते ऐकण्यासारखं आहे. गटाने नवी घेतली ती जेमतेम शंभर ताटं. बाकीची गावातल्या माळ्यांवरून उतरलेली आहेत. आपल्याकडे लग्ना-मुंजीत आहेर म्हणून स्टील वाटायची जी हौस होती, तिची ही कृपा. प्रत्येक ताटाला नाव घातलेलं. एकावर "चि. अमुक याच्या मुंजीप्रीत्यर्थ, १९८७", दुसऱ्यावर "सहस्रचंद्रदर्शन", तिसऱ्यावर कुठल्याशा पतपेढीचा रौप्यमहोत्सव. जेवायला बसलेली माणसं वरणभात यायच्या आधी ताट उलटं करून नाव वाचतात. आमच्या घरच्या कार्यात मामेसासूबाईंना एक पेला मिळाला, त्यावर त्यांच्याच माहेरचं आडनाव आणि १९७९ साल. झालं! "हा आमचा पेला, तुमच्याकडे कसा?" त्या पेल्यावरून मठ्ठा थंड व्हायचा सोडून तापायला लागला. शेवटी पेला त्या पिशवीत घालून घेऊन गेल्या आणि मी गटाला ५० रुपये भरले. गटातल्या बाई पावती फाडताना म्हणाल्या, "हे महिन्याला एकदा होतं."

याचा एक तोटाही आहे. ताटं एका मापाची नाहीत. चळत लावली की मधेच एखादं मोठं ताट येतं आणि वरची पंधरा डुगडुगायला लागतात. काठ कुणाचे उभे, कुणाचे बसके. बुफेच्या टेबलावर हे सगळं मांडलं की हॉलवाल्याचं तोंड वाकडं होतं. मला स्वतःला ते आवडतं, पण ज्यांना फोटोत सगळं एकसारखं हवं असतं त्यांनी दुसरीकडे बघावं.

कल्पना नवी आहे असं मात्र कुणी म्हणू नये. गावकीचे हंडे, तपेली, परातीएवढी झाकणं देवळाच्या कोठीत असायची आणि ज्याच्या घरी कार्य तो ती न्यायचा. जेवायला केळीचं पान नाहीतर हिरांनी टाचलेली वडाची पत्रावळ. प्लास्टिक आणि थर्माकोल मधल्या तीसेक वर्षांत आलं आणि आपण जणू जन्मापासून त्यातच जेवतोय असं वागायला लागलो. राज्यात बंदी आली २०१८ साली. २३ मार्चला अधिसूचना, तीन महिन्यांची मुदत, २३ जूनपासून दंड. पहिल्यांदा सापडलात तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने कैद. मग १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, नळ्या बंद. बाजारात त्यांच्या जागी कागदी कप आले. लोक खूश, कागद म्हणजे आपलाच. त्या कपाला आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो, म्हणून तर चहा गळत नाही. एक कप रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी कागद सोलून बघा, हातात पातळ पिशवी राहते. माझ्या धाकटीने शाळेच्या प्रदर्शनात हेच ठेवलं होतं आणि तिच्या टेबलासमोर चहा पिणारे पाहुणे कप मागे लपवत होते.

आता पहिला अनुभव. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारा स्वच्छता असते, तशी आमच्याकडेही असते. २०२४ मध्ये तो दिवस २१ तारखेला आला. गुहागरचा किनारा पाच-सहा किलोमीटर लांब, सरळ, मागे सुरूचं बन आणि त्याच्या मागे थेट माडा-पोफळींच्या वाड्या. पावसाळ्यात समुद्र काय काय परत करतो ते सप्टेंबरात बघावं. उत्तरेला अंजनवेलपाशी वाशिष्ठी समुद्राला मिळते, वरून चिपळूणपासूनचं सगळं घेऊन. आम्हाला मिळालेला माल: नायलॉनच्या जाळ्यांचे गुंते, थर्माकोलचे कुरतडलेले ठोकळे, एकेरी चपला (दुसरी कधीच मिळत नाही), गुटख्याच्या पुड्या, औषधांची पाकिटं, बाटल्यांची झाकणं आणि एक अख्खा टीव्हीचा सांगाडा. जाळ्यांचे गुंते मी सगळ्यांत आधी उचलते, कारण हिवाळ्यात इथेच ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला वर येतात.

त्याच्या आदल्या वर्षी आम्ही गोण्या भरून कचरा गोळा केला होता आणि मग पोहे खाल्ले होते कागदी ताटल्यांत, पाणी प्यायलो होतो दोनशे मिलीच्या बाटल्यांतून. नाश्ता झाल्यावर आमचाच कचरा दोन गोण्या निघाला. तेव्हा एका शाळकरी पोराने विचारलं, "काकू, ह्या दोन गोण्या पण मोजायच्या का?" मला त्या पोराला उत्तर देता आलं नाही. म्हणून २०२४ ला मी मंडळाच्या बैठकीत भांड्यांचा हट्ट धरला. १२० पानं, तीन रुपयांप्रमाणे ३६० रुपये. अध्यक्षांनी लगेच मान्य केलं, कारण आदल्या वर्षी बाटल्या आणि ताटल्या मिळून नऊशेच्या वर गेले होते. पैसे वाचतात म्हटलं की पर्यावरण लवकर पटतं.

भांडी वेळेवर आली. सकाळी सहाला टेम्पो सुरूबनाशी हजर. बशा पंचवीस-पंचवीसच्या गठ्ठ्यांत, जुन्या सुती साडीच्या पट्टीने बांधलेल्या, पेले गोणपाटात. पाण्याचं पिंप तोटीचं, झाकण घट्ट बसणारं. बशा कोरड्या आणि लख्ख, वास घेऊन बघितल्या (सवय). इथपर्यंत दहापैकी दहा.

पोहे झाले, चहा झाला, आणि मग बशा राहिल्या.

खरं सांगते, बैठकीत आम्ही सगळं ठरवलं होतं. कुठली टोळी कुठे, गोण्या कुणाच्या, पोह्यांना कांदा किती. बशा कोण घासणार हे कुणीच बोललं नव्हतं. मीसुद्धा. मी मनात धरलं होतं की "बघू तेव्हा." तेव्हा काय बघायचं असतं? सहाजणी पदर खोचून नळापाशी बसलो. कुणीतरी सुचवलं, "समुद्रावरच न्या की, पाणी हवं तेवढं." दोन पोरं दोन गठ्ठे घेऊन धावलीसुद्धा. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, पोह्यांचा ओशटपणा तसाच राहतो, वर वाळूने ओरखडे. वाळल्यावर बशांवर पांढरे डाग उठले, त्या पुन्हा गोड्या पाण्याने घासाव्या लागल्या. माझ्या शेजारी बसलेल्या शिक्षिकाबाई एरवी वर्गात पुनर्वापरावर छान बोलतात. त्या बशी घासता घासता म्हणाल्या, "पुनर्वापर म्हणजे पुन्हा आपल्यालाच वापरतात." आम्ही हसलो, पण हात चालूच होते.

तेवढ्यात पलीकडे "प्लास्टिकमुक्त किनारा" असा फलक धरून समूहफोटो झाला. फलक फ्लेक्सचा, म्हणजे प्लास्टिकचाच, ते सोडा. पुढल्या आठवड्यात फोटो पेपरात आला, पंचाऐंशी माणसं तरी असतील. आम्ही सहाजणी त्यात नाही. आम्ही बशा मोजत होतो.

परत देताना पाच चमचे कमी. दोन सापडले दुपारी, कचरा वेगळा करताना, एका गोणीत थर्माकोलच्या खाली. म्हणजे किनाऱ्यावरून उचललेला कचरा समजून कुणीतरी आमचाच चमचा उचलला होता. तीन चमच्यांचे ४५ रुपये कापून बाकी अनामत तिथल्या तिथे परत मिळाली. मोजणी करणाऱ्या बाई फार कडक आहेत, पण सरळ. बशीवरचे खाऱ्या पाण्याचे डाग बघून एवढंच म्हणाल्या, "समुद्रावर धुतल्यात ना? पुढच्या वेळी असं नाही करायचं." आमच्या घरी कुणी इतक्या कमी शब्दांत बोलत नाही.

दुसरी वेळ मे २०२५ ची, सासूबाईंची पंच्याहत्तरी. माणसं एकशे दहा. अंगणात मांडव, आचारी बाहेरचा. केळीच्या पानांचा विचार आधी केला. नैवेद्याला आणि पहिल्या पंगतीला पानं वाडीतली काढलीच, पण मे महिन्याच्या वाऱ्याने केळीची निम्मी पानं चिंध्या झालेली असतात आणि एकशे दहा अखंड पानं बाजारातून आणायची तर ती चिपळूणहून. शिवाय पुण्या-मुंबईची निम्मी मंडळी गुडघ्यांमुळे खाली बसणारी नाहीत. म्हणून भांडी.

या वेळी मी ठरवलं होतं, घासणं त्यांच्याकडे. दहा रुपयांप्रमाणे अकराशे, टेम्पोचे तीनशे, चौदाशे झाले. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या आंब्याचा बाठा चोखत होत्या, तो खाली ठेवला.

"अगो, घासायला पैसे? घरात चार सुना नि लेकी असताना?"

"म्हणून तर, आई."

"म्हणजे काय?"

"म्हणजे त्या चौघी तुमच्या पंच्याहत्तरीला आल्यात, मोरीत बसायला नाही."

नवरा मधे पडला नाही, वर्तमानपत्र वाचत राहिला, पण संध्याकाळी गपचूप गटाला पैसे पाठवून आला. त्याचं असंच असतं. कार्याच्या दिवशी दुपारी चार वाजता, जेव्हा एरवी आम्ही जावा-नणंदा मागच्या दारी घमेल्यांच्या ढिगात असतो, तेव्हा आम्ही चौघी ओसरीवर बसून सासूबाईंच्या लग्नातले फोटो बघत होतो. लग्न होऊन माझी एकोणीस वर्षं झाली. घरच्या मोठ्या कार्यात जेवणानंतर बसलेली मी ही पहिलीच वेळ. या एका गोष्टीसाठी मी त्यांना वाट्टेल तेवढे गुण देईन.

गटाच्या दोघीजणी मागच्या दारी आल्या होत्या. मी बघायला गेले, जरा कुतूहल म्हणून आणि जरा अपराधी वाटत होतं म्हणून. पद्धत बघण्यासारखी. आधी खरकटं एका बादलीत निपटून काढायचं, ते आमच्याच वाडीतल्या खड्ड्यात गेलं. मग राख आणि रिठ्याचं पाणी. रिठे आदल्या रात्री भिजवून, कुस्करून गाळून आणलेले. घासायला नारळाच्या सोडणाचा चोथा. तारेची घासणी नाही, कारण तिने नावं पुसली जातात. मग दोन पाणी, आणि पालथी घालून उन्हात. मोरीचं पाणी त्यांनी विचारून केळींकडे वळवलं. साबणाच्या पाण्याला मी एरवी केळींपासून लांब ठेवते, हे चाललं. त्यांतली एक म्हणाली, "राखेने हात फाटतात ते खोबरेलाने बरे होतात. पावडरीने फाटले की महिनाभर जळजळतात."

आता तक्रार. मी हिशेब विचारला. घासायचे जे जादा पाच रुपये आपण देतो, त्यातले तीन घासणारीला, दोन गटाला. म्हणजे एकशे दहा पानांचे ३३० रुपये, दोघींत १६५. तीन तास वाकून बसायचं, त्यात टेम्पोने यायचं-जायचं. आंब्याच्या पेट्या भरायला गेलं तरी याहून बरे मिळतात. मी सचिवबाईंना म्हटलं, दर बारा करा, जादाचे दोन्ही घासणारीला द्या. त्या म्हणाल्या, "बारा केले तर लोक पाचवालं घेतात आणि घरातल्या बायकांना बसवतात. मग आमच्या दोघींचं कामही जातं." याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. निघताना दोघींना वरती पैसे दिले. पण त्यावर व्यवस्था चालत नाही.

दुसरी तक्रार वेळेची. भांडी अकराला यायची ती पाऊण वाजता आली. टेम्पो आधी दुसऱ्या कार्याला गेला होता. पाहुण्यांना सरबत द्यायला मी घरातले, शेजारचे, शेजारच्या शेजारचे पेले गोळा केले. फोन केला तर "निघालाय, निघालाय." टेम्पोवाला गटाचा नाही हे खरं, पण पैसे मी गटाला दिले होते.

याच वेळी त्यांच्याकडच्या विरीच्या ताटल्याही घेतल्या, पन्नास नग, संध्याकाळच्या भेळीसाठी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पोफळीचं झावळं सुकून आपोआप गळतं, त्याच्या बुडाशी जो रुंद चामड्यासारखा भाग असतो ती विरी. एक पोफळ वर्षाला पाच-सात तरी टाकते. आम्ही लहानपणी त्यावर एकाला बसवायचो आणि दुसऱ्याने ओढायचं, फ्रॉकची मागची बाजू कायम मातकट. वाडीत विरी कुजत पडायच्या नाहीतर न्हाणीच्या चुलीत जायच्या. आता त्या धुऊन, भिजवून, तापवलेल्या साच्यात दाबतात की ताटली तयार. गोंद नाही, रंग नाही. भेळ, वडे, गोडाचा शिरा यांना उत्तम. सोलकढी किंवा पातळ रस्सा ओतून गप्पा मारत बसलात तर खालून ओल येते. आणि एक धोका: उरलेल्या अकरा ताटल्या मी माळ्यावर ठेवल्या. त्या वर्षी मे अखेरीलाच पाऊस सुरू झाला, जुलैत बघते तो सगळ्यांना हिरवी बुरशी. लागतील तेवढ्याच घ्या. आणि या ताटल्या घासायच्या नसतात, थेट खतात जातात, हा त्यांचा खरा मोठेपणा. पण त्या भांड्यांपेक्षा महाग पडतात आणि शंभर माणसांच्या पूर्ण जेवणाला मी त्या घेणार नाही.

गणपतीचं थोडक्यात सांगते, कारण तिथे गट कमी पडला. आमच्या गौरी-गणपतीला भजनाची मंडळी रोज येतात, पस्तीस-चाळीस माणसं. चहा आणि वाटाण्याची उसळ. आजवर कागदी कप. या वेळी साठच्या साठ कपबश्या महिनाभर आधी सांगितल्या होत्या. मिळाल्या चाळीस, त्यांतल्या अकरांचे कान तुटलेले. सगळ्या गावाला एकाच आठवड्यात कप हवे असतात हे गटाला कळायला हवं होतं, आणि कान तुटलेला कप भाड्याने देऊ नये. बुवांनी पहिल्या दिवशी कान नसलेला कप हातात घेऊन "हा वाडगा की कप?" असं विचारलं, मग सात दिवस तोच कप मागून घेतला. बाकी कप रोज रात्री धुणं आलंच, पण ते धाकटीने आणि तिच्या चुलतभावाने वाटून घेतलं. एक दिवस तो धुणार, एक दिवस ती. वेळापत्रक फ्रिजवर लावलं होतं. तो दोनदा "विसरला", तेव्हा तिने त्याला बिनाकानाच्या कपातून चहा दिला, बशी न देता.

चौथी वेळ, २० सप्टेंबर २०२५, पुन्हा किनारा. त्याच वर्षी गुहागरच्या किनाऱ्याला ब्लू फ्लॅगचं, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाल्याचं जाहीर झालं. दीडशे पानं सांगितली, ४५० रुपये, घासून परत द्यायची. मंडळाच्या बैठकीत मी पहिला विषय काढला तो बशांचा. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, या वेळी घासणावळ देऊन टाकू की, काय ते नऊशे होतील." मला तेही चाललं असतं. पण शिक्षिकाबाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, "नको. जो खाईल तो घासेल." आणि खोलीत अशी शांतता पसरली, जशी वर्गणीचा विषय निघाल्यावर पसरते.

सुरूच्या सावलीत तीन घमेली मांडली. पहिल्यात खरकटं झटकायचं, दुसऱ्यात राख-रिठ्याचं पाणी आणि सोडणं, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. गोडं, पिंपातून आणलेलं. समुद्राच्या बाजूला मुलांचा पहारा. रांग लागली. बँकेचे साहेब पँटच्या शिवणी सांभाळत उकिडवे बसले. एका कार्यकर्त्याने बशी पुढून घासली, मागून नाही, त्याला सहावीतल्या मुलीने परत पाठवलं. दोघांनी बशा हळूच गठ्ठ्यात सरकवायचा प्रयत्न केला, पकडले गेले. अध्यक्षांनी स्वतःची बशी घासून वर दुसऱ्याचीही घासली, ते बघून मी मनातले काही शब्द मागे घेतले. सगळ्यांची मिळून वीस मिनिटं गेली. आदल्या वर्षी आम्हा सहाजणींना सव्वा तास लागला होता. आणि या खेपेला समूहफोटोत आम्ही सहाहीजणी आहोत, दुसऱ्या रांगेत, डावीकडून.

दुपारी भांडी परत केली. सगळी भरली, चमचेसुद्धा, एकही कमी नाही. मोजणीच्या बाईंनी एक बशी उचलली, बोट फिरवलं, उजेडाकडे धरली. मग दुसरी. मग तिसरी. "या कुणी घासल्यात?"

"पुरुषांनी," मी म्हटलं.

"ओशट आहेत सगळ्या. आम्हाला परत घासायला लागणार. शंभर रुपये कापते."

पावतीवर तसं लिहून दिलं: "पुन्हा घासणे, १०० रु." ती पावती मी मंडळाच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवली आणि शंभर रुपये वसूल केले, बशी पुढूनच घासणाऱ्या कार्यकर्त्याकडून पन्नास आणि बँकेच्या साहेबांकडून पन्नास.